गोल डबा

एका कागदावर किरण कुठे पडायला हवे होते ते, दुसऱ्यावर कुठे पडले ते; तिने दोन्ही कागद खिडकीच्या काचेवर दाबून धरले. मग वरचा पालथा करून त्याला पाव वळसा दिला. दोन्हींवरचे काळे डाग तंतोतंत एकमेकांवर बसले.

“पाहिलंत, काका?”

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. रुग्णालयात कोणाला कुठे किती किरण द्यायचे, याचं गणित त्यांनी चाळीस वर्षांपूर्वी फोर्ट्रान या संगणकाच्या भाषेत लिहिलं होतं. ते निवृत्त झाल्यावर तिने नवा प्रोग्राम सी या दुसऱ्या भाषेत लिहिला. गणिताला मात्र काकांचाच जुना भाग हाताशी घेतला. फोर्ट्रान आकड्यांचा तक्ता उभ्या रांगांनी वाचतं, सी आडव्या. मध्ये तक्ता फिरवून द्यायचा तिच्याकडून राहून गेला होता.

“चाचणी घेतली होती की आपण.”

“पाण्याच्या डब्यावर. डबा गोल होता, काका. आडवं वाचा, उभं वाचा, उत्तर तेच.”

काका बराच वेळ कागदाची कड सरळ करत राहिले.

“तू लांबट डबा मागत होतीस. मीच म्हटलं, पोरी, इतकं ताक फुंकून पिऊ नकोस.” मग हळूच, “किती जण?”

“सहा. सकाळीच यंत्र बंद करायला लावून आले.” यादी तिने पिशवीतून काढली नाही. त्यांनीही मागितली नाही.

आतून काकूंची हाक आली. “अहो, आपली किरणवाली आलीय ना? पाठवा की आत.”

काकू पालथ्या निजल्या होत्या. पाठीवर ओलं फडकं होतं.

“बस गं. बघ ना, गाठ कुशीत आणि सोलली पाठ! डॉक्टर म्हणतात, होतं असं कधीकधी. मी म्हटलं, म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.” त्या हसल्या, हसू कळेत संपलं. “पण मी बिनघोर आहे. गणित ह्यांचं, प्रोग्राम तुझा. उद्या शेवटची खेप.”

तिला बसवेना. काका दारात येऊन उभे राहिले.

“उद्या जायचं नाही,” ते म्हणाले.

“का? यंत्र बिघडलं?”

“नाही. यंत्राला काही झालेलं नाही.” त्यांनी फडकं उचललं, तांब्यातल्या पाण्यात बुडवून पिळलं आणि पुन्हा अलगद पसरलं. मग तिच्याकडे न बघता म्हणाले, “तू बाकीच्या पाच घरी जा. इथलं मी सांगतो.”

ती चपला घालत होती तेव्हा आतून आवाज आला,

“अहो, खाली काय बसताय? गुडघे दुखतील ना.”