ठाव

आवडाबाई सहसा कुणाचं कौतुक करत नसे. माणसाची तिच्या लेखी एकच परीक्षा होती, ती म्हणजे त्याला ठाव आहे की नाही. पाण्याचा तळ कुठे किती खोल आहे हे ज्याला नुसत्या लाटेच्या रंगावरून कळे, तो जाणता. ज्याला कळत नसे, त्यानं किनाऱ्यावर बसून खुशाल जाळी सांधावीत. तिचा नवरा धोंडू तांडेल असा जाणता होता. हर्णे बंदरातली निम्मी माणसं त्याला विचारून होड्या लोटत. तरी एका भाद्रपदात समुद्रानं त्याला नेलं ते नेलंच. होडीची एक फळीसुद्धा किनाऱ्याला लागली नाही.

तेव्हापासून बाईनं होडीत पाऊल टाकलं नाही. एकुलता एक लेक रघू, त्याला तिनं घरात राहिलेल्या बापाच्या जुन्या वल्ह्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली की पोटासाठी काहीही करीन, पण दर्यावर जाणार नाही. पोरगा आईच्या शब्दाबाहेरचा नव्हता. दापोलीला राहून तो मोटार हाकायला शिकला आणि गंगारामशेटच्या हर्णे-दापोली सर्व्हिस मोटारीवर ड्रायव्हर म्हणून लागला. कोळ्याचा पोर सुकाणू सोडून चाक धरतो म्हणून सगळा कोळीवाडा खूप हसला. आवडाबाईला त्याचं काही वाटलं नाही. जमिनीवर कुणी बुडत नाही, एवढं तिला पुरे होतं.

त्या काळी भाड्याच्या मोटारीला सरकारी पास लागे. रत्नागिरीस मोटार नेऊन दाखवायची. माणसं किती बसणार, ब्रेक कसे, टायर कोणत्या मापाचे, हे सगळं बघून मग पास मिळे. टायरचं माप बदलायचं तर मोटार पुन्हा नेऊन दाखवली पाहिजे, असा नियम होता. गंगारामशेट नियम पाळणाऱ्यांतला होता, म्हणजे तपासणीच्या दिवशी पाळणाऱ्यांतला. एका पावसाळ्यात आसूदच्या चढावरचा रस्ता पार उखडला, तांबड्या मातीत गुडघाभर चाकोऱ्या पडल्या आणि माणसांनी भरलेल्या मोटारीचं बूड जमिनीला टेकू लागलं. शेटनं मुंबईहून मोठ्या मापाचे जाडजूड टायर आणवले. जुन्याच रिंगेवर ते बसले, एवढं त्याला बास झालं. पासाचं पुढच्या तपासणीला बघू, तेव्हा जुने चढवू, असा त्याचा हिशेब.

मोटार दुपारची आवडाबाईच्या दारासमोर उभी असे. तिथेच शेटच्या माणसानं टायर बदलले. रघू बराच वेळ चाकाभोवती फिरला, वाकून बघत राहिला, आणि मग त्यानं आईला हाक मारली.

"आये, हितं हात घाल," तो चाक आणि वरचा मडगार्ड यांच्यामधली फट दाखवत म्हणाला. "आधी माझी मूठ जायची. आता बोट जात नाय. पुरा वळवला की चाक वर घासतंय. आनि पासात ह्ये माप नाय."

शेट तिथेच विडी ओढत उभा होता. त्याच्याही तोंडावर रघूनं हेच सांगितलं. शेट म्हणाला, पास माझा आहे, त्याची काळजी तू करू नकोस. जमत असेल तर हाक, नाहीतर जा बापासारखा मासे मारायला.

संध्याकाळी जेवताना रघूनं तोच विषय काढला. मोटार सोडतो म्हणाला, शपथ मोडल्याचं पाप लागलं तर लागू दे. तिनं घास खाली ठेवला. पोरानं बापाच्या वाटेनं जाऊ नये, याखेरीज तिला त्या घटकेला काही दिसत नव्हतं. "सावकाश हाक," ती म्हणाली. "जमिनीवरच हाय ना." तो हात धुऊन उठला. सकाळी मोटार घेऊन गेला.

दिवाळीपर्यंत सगळं नीट चाललं. रघू वळणावर मोटार मुंगीच्या पावलानं नेई आणि उतारू त्याला चिडवत. मग एके दिवशी आसूदच्या उतारावर समोरून बैलगाडी आली. तिला चुकवायला त्यानं चाक पुरतं वळवलं. ते मडगार्डात रुतलं आणि सरळ होईना. मोटार कडेच्या पोफळीच्या बागेत उलटली. कुणाचे हात मोडले, कुणाचे पाय. शेजारच्या काशीची लेक तुळसा सुक्या मासळीची पाटी घेऊन त्याच मोटारीनं दापोलीच्या बाजाराला निघाली होती. ती मोटारीखाली सापडली आणि जागीच गेली. होळी झाली की तिचं लग्न व्हायचं होतं. काशीनं त्या दिवसापासून आवडाबाईशी बोलणं टाकलं, आणि आवडाबाईलाही त्या दाराकडे बघवेना.

रघू आणि शेट, दोघांवर रत्नागिरीस खटला उभा राहिला. मोटारीत बसायचं नाव आवडाबाई काढू देईना, तेव्हा उरली आगबोट. जिनं इतकी वर्षं होडीला पाय लावला नव्हता, ती बाई लेकासाठी आगबोटीपर्यंत नेणाऱ्या पडावात बसली आणि डोळे गच्च मिटून आगबोटीवर चढली. सबंध वाटभर ती ओकत होती.

कोर्टात शेटनं कानांवर हात ठेवले. टायर ड्रायव्हरनंच मागितले, आपल्याला त्यातलं काही कळत नाही, असं त्यानं ठासून सांगितलं. रघूच्या वकिलाचा मुद्दा साधा होता. पोरगा हुकमाचा ताबेदार, मालक देईल ती मोटार हाकणारा. टायरवरचे इंग्रजी आकडे त्याला वाचता येत नाहीत, मग मापात फरक आहे हे त्यानं कसं ओळखावं? टायर शेटच्या माणसानं बदलले, एवढंच आवडाबाईनं सांगायचं होतं. तिनं ते नीट सांगितलं. मग सरकारी वकील उठले. माणूस मोठा गोड बोलणारा.

"म्हणजे बाई, तुमच्या मुलाला मोटारीतलं फारसं कळत नव्हतं म्हणायचं," ते हसून म्हणाले. "बरोबरच आहे. कोळ्याचा मुलगा. त्याला माप काय आणि पास काय."

मागच्या बाकांवर कुणीतरी खुसखुसलं. आवडाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. नवऱ्याच्या नावाला आजवर कुणी असं बोललं नव्हतं.

"धोंडू तांडेलाचा पोर हाय तो," ती म्हणाली. "त्याला सगळा ठाव व्हता."

रघूचा वकील अर्धवट उभा राहिला, पण बाई आता थांबणारी नव्हती. आधी मूठ जायची, ती तिनं मूठ करून दाखवली. मग बोट जाईना, ते बोट दाखवलं. चाक घासतं हे त्यानं पहिल्याच दिवशी ओळखलं, पासात हे माप नाही हेही त्यानंच सांगितलं, शेटच्या तोंडावर सांगितलं. बोलताना तिचा आवाज चढला होता. पिंजऱ्यात उभ्या असलेल्या रघूकडे तिनं अभिमानानं बघितलं. तो खाली बघत होता. बापासारखाच आहे, तिला वाटलं, कौतुक केलं की ह्याची मान खाली.

शेटला पासाबाहेरचे टायर लावल्याबद्दल दंड झाला. तो त्यानं तिथल्या तिथे भरला आणि पान खायला बाहेर पडला. चाक घासतं हे ठाऊक असूनही माणसं भरून मोटार घाटात घातली, म्हणून रघूला दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. चोर सोडून संन्याशाला सुळी, असं व्हरांड्यात दोघंतिघं म्हणाले आणि आपापल्या कामाला लागले.

आवडाबाईनं रघूच्या वकिलाला गाठलं. आपण खोटं काय बोललो, एवढंच तिला विचारायचं होतं.

"खोटं काहीच नाही, बाई," वकील म्हणाला. भला माणूस होता, त्याला तिच्याकडे नीट बघवत नव्हतं. "त्याला ठाऊक नव्हतं, एवढ्यावरच आपण उभे होतो."

तिला ते लगेच कळलं नाही. रघूला शिपाई घेऊन चालले होते. तो तिच्यापाशी क्षणभर थांबला. ह्याच्या तोंडून आता काय ऐकावं लागतं, म्हणून ती जीव मुठीत धरून उभी राहिली.

"आये," तो म्हणाला, "जाताना बोटीत मधी बस. कडेला लाटा लागतात."

ती मध्येच बसली. ह्या खेपेला तिनं डोळे मिटले नाहीत. जयगड गेलं, अंजनवेलचा गड मागे पडला, दाभोळ गेलं, आणि कुठेतरी त्या पाण्यावर वकिलाचं बोलणं तिच्या डोक्यात उतरलं. ज्या जाणतेपणापायी तिनं नवऱ्याला डोक्यावर घेतलं होतं, त्यानंच लेकाला तुरुंगात घातलं होतं. आणि घालणारी ती स्वतः होती.

बाईनं कोर्टात काय सांगितलं, ते तिच्याआधी गावात पोचलं होतं. दुसऱ्या दिवशी काशी आली. इतक्या दिवसांनी पहिल्यांदाच त्या उंबऱ्याला तिचा पाय लागला. ती भांडायला आली नव्हती. ओटीवर खांबाला टेकून बसली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. आवडाबाईनं पाणी पुढे केलं, ते तिनं घेतलं नाही.

"आवडे, एकच सांग," काशी म्हणाली. "रघूला सगळा ठाव व्हता, तर मग माझ्या तुळसाला त्यानं मोटारीत बसवलान कशाला?"

कोर्टानं हाच प्रश्न विचारला होता, पण तो कायद्याचा होता. काशीनं विचारला तेव्हा त्याला तोंड द्यायला वकील नव्हता. आवडाबाईला उत्तर माहीत होतं. खाली ठेवलेला तो घास, आणि आपणच म्हटलेलं ते 'सावकाश हाक', दोन्ही तिच्या डोळ्यांपुढे होतं. तिनं कोनाड्याशी उभ्या असलेल्या धोंडूच्या वल्ह्याकडे बघितलं. मग काशीकडे बघितलं.

"मला ठाव नाय," ती म्हणाली.