कारखान्यातली पाहुणी

“मावशी, तुम्हाला कामावर ठेवणं आता मला परवडत नाही,” मालक म्हणाला आणि टेबलावरची कात्री उगाचच इकडची तिकडे करत राहिला.

मावशीने हातातला शर्ट खाली ठेवला नाही. काज निम्मं झालं होतं. या शिलाईच्या कारखान्यात ती मालकाच्या वडिलांच्या वेळेपासून हाताने काजं करत होती. हा तेव्हा टेबलाखाली चिंध्यांत रांगायचा. पुढे तिचे डोळे अधू झाले, हात मंदावला. पण कुणाचं काय बिघडत होतं? मजुरी नगावर, जेवढी काजं तेवढे पैसे. सुया तरण्या पोरी ओवून द्यायच्या.

आता सरकारने कायदा केला. नगाची भानगड बंद, सगळ्यांना तासाला ठरलेली मजुरी. पोरी खूश झाल्या, मावशीही झाली. आणि कायदा काही वाईट नव्हता हो. पोरींनी काय उभा जन्म चिमूटभर पैशांत काढायचा? पण सगळ्यांना सारखं द्यायचं तर मंद हात मालक कशाला पोसेल? त्याचंही खरंच होतं. दुकानदार शर्टामागे एक पैसा वाढवून देईनात. भीक नको पण कुत्रं आवर, असं मावशीला झालं.

“मला जुन्याच दराने दे,” ती म्हणाली.

“तसं देता येत नाही, मावशी. मी अडकेन.”

“मग सांगू नकोस कुणाला. पण घरी बसवू नकोस रे. सून वाईट नाही, पण बसून खाणाऱ्याचा घास सगळे मोजतात.”

मालक विरघळला. हजेरीतून नाव गेलं, मावशी मात्र रोज येत राहिली. कोपरा तोच, दरही जुनाच.

मग एक दिवस तपासणीचे साहेब न सांगता आले. मालकाने मावशीच्या मांडीवरचा शर्ट ओढून घेतला, तिला आपल्या खुर्चीत बसवलं आणि साहेबांना सांगितलं, की ही माझी मावशी, सहज भेटायला आलीय. पोरींनी माना खाली घातल्या. एकीने मालकाच्या कपातून तिला चहा आणून दिला. इतक्या वर्षांत त्या कपातला चहा ती पहिल्यांदाच पीत होती.

साहेब माणूस चांगला. मजुरी पूर्ण मिळते ना, असं त्यांनी एकेकीला आपुलकीने विचारलं. मिळतच होती. निघताना ते मावशीजवळ थांबले.

“आजी, तुम्ही काय करता?”

सुई टोचू नये म्हणून घातलेलं अंगुस्तान तिच्या बोटात तसंच राहिलं होतं. मावशीने त्यावर दुसरा हात ठेवला.

“मी काही करत नाही, साहेब,” ती म्हणाली.