पुलापर्यंतची हद्द

पुलाच्या मध्यावर स्कूटर मंदावली आणि थांबली. कृपाने मूठ पुन्हा पिळून पाहिली. मोबाईलवर सूचना आली: सेवेची हद्द संपली, गाडी हद्दीत नेऊन लावा, नाहीतर खातं बंद होईल.

हे तिला ठाऊक होतं. रोज ती वस्तीतून चालत पूल ओलांडायची, पलीकडच्या चौकातून भाड्याची स्कूटर घ्यायची आणि नागापूरच्या कारखान्यात जायची. आज शेजारणीचा फोन आला होता. बाबांना धाप लागली होती, घरातला दम्याचा पंप संपला होता. नवा पंप तिच्या पर्समध्ये होता. गाडी कठड्याला लावून ती वस्तीकडे पळत सुटली.

तिचे वडील इसहाकबाबा खाटेवर पुढे वाकून बसले होते. औषध आत गेलं, तरी खांदे बराच वेळ वरखाली होत राहिले. मग ते भिंतीला टेकले. तेव्हा कुठे कृपाने हेल्मेट काढलं.

गाडीचा माग काढत आलेला, स्कूटर कंपनीचा टी-शर्ट घातलेला अमृत दारात उभा होता. मागच्या गल्लीतल्या मुक्ताबाईंचा मुलगा. नोकरी लागल्यापासून तो पुलापलीकडे, सावेडीला खोली घेऊन राहत होता.

"गाडी पुलावरच टाकून आलीस व्हय, ताई?"

"कर बंद माझं खातं. पन वस्तीत गाडी का येत न्हाई, ते सांग आधी."

अमृतने खाटेकडे पाहिलं.

"बंद न्हाई करत. बॅटरी उतरली म्हनून कळवतो." त्याने डोक्यावरची टोपी सारखी केली. "साहेबांनी इचारलं हुतं, वस्ती हद्दीत घ्यायची का. मीच नको म्हनलो."

"तू?"

"एक जरी गाडी गायब झाली असती, तर पयलं नाव माझंच आलं असतं. इथलाच ना मी."

कृपाने हातातलं हेल्मेट खाली ठेवलं. कारखान्यात कुणी पत्ता विचारला, की तीही पुलापलीकडच्या चौकाचंच नाव सांगायची.

बाबांनी मान उचलली.

"अमृता, तुझी आई इथंच ऱ्हाती ना अजून?"

"व्हय, मामा."

"तिला असं काय झालं, तर न्हेनार कशी?"

निघायला वळलेला अमृत उंबऱ्यावर बसला. टोपी काढून त्याने गुडघ्यावर ठेवली. मग तो म्हणाला,

"चल, गाडी ढकलायला हात लाव."

कृपा जागची हलली नाही.

"आधी साहेबांना फोन लाव."