टकटक महाराजांची झाकणं

एकोणीसशे त्र्याहत्तर सालच्या घेवड्याच्या शेंगांच्या हंगामात शिवणवर्गाच्या खोलीत मुंगी शिरायलाही जागा नव्हती. टेबलावर भाजीनं भरलेल्या गरम बरण्या मांडलेल्या आणि त्यांच्यापुढे डोळे मिटून बसलेले टकटक महाराज.

"गप्प बसा, माउल्यांनो! आता बरणी बोलणार!"

टक्! एका बरणीचं फुगीर झाकण आपोआप आत बसलं. मग दुसरीचं. बायकांच्या अंगावर काटा आला.

"पावन झालं! आता हे अन्न वर्षभर नासायचं नाही. दाबाच्या भांड्यात वाफ कोंडली की अन्नाचा जीव गुदमरतो. बरण्यांना साधी उकळी द्या आणि वर माझं भारलेलं झाकण लावा. बास!"

झाकणं हातोहात खपली. मागे उभ्या असलेल्या थोरलीनं धाकट्या बहिणीचा दंड धरला. "उठ. आईनं काय शिकवलंय? शेंगांच्या बरण्या दाबाच्या भांड्यातच उकळायच्या."

"ताई, ते भांडं म्हणजे आगगाडीचं इंजिन! आधी नुसती वाफ सोडत बसा, मग काट्यावर डोळा ठेवा, मग ते आपोआप थंड होईपर्यंत ताटकळा. मला दुसरी कामं नाहीत?"

"कामं नंतर कर. अंगावर बेतेल."

"तू ना, देवालासुद्धा शिस्त लावशील," धाकटी हसली आणि झाकणं घेऊन गेली.

थंडी पडल्यावर तिनं साधी उकळी देऊन ती झाकणं लावलेली शेंगांची एक बरणी उघडली. वास चांगला, रंग चांगला. नवरा कामावर होता, मुलीनं शेंगा बघून तोंड वाकडं केलं, म्हणून एकटीनंच खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी थोरली आली तेव्हा धाकटीच्या पापण्या उचलत नव्हत्या.

"ताई, तू मला दोन-दोन दिसतेयस." जीभ जड झाली होती, तरी थट्टा सुटली नव्हती. "एकीचीच बोलणी पुरेत की गं."

संध्याकाळी पाण्याचा घोट उतरेना. दवाखान्यात श्वास अडकला. शुद्ध शेवटपर्यंत होती. थोरलीचा हात तिनं घट्ट धरला होता. मग बोटं सैल पडली.

शिवणवर्गाची बाई समाचाराला आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "महाराज म्हणतात, तिच्या मनात किंतु होता. थोरल्या बहिणीनं घातलेला. म्हणून पावलं नाही."

तो बोल थोरलीला झोंबला. पण दुसऱ्याच क्षणी तिला आठवलं, तसल्या बरण्या घरोघरी फळीवर आहेत. आणि लोक त्या खाणार आहेत.

महाराज पुन्हा आले, त्या दिवशी ती सगळ्यांसमोर एक बरणी घेऊन गेली. झाकण बाजारातलं साधं. तिनं ती पातेल्यात उकळून टेबलावर ठेवली.

"महाराज, तुम्ही हात लावू नका. पुटपुटूही नका."

बरणी निवत गेली. टक्!

"बघा! माझ्या नुसत्या नजरेनं—" महाराज सरसावले.

"पावन झालं ना? मग घ्या, तुम्हीच प्या. गटाराचं पाणी आहे."

कोणीतरी फिसकन हसलं. महाराजांचा हात मात्र पुढे झाला नाही.

दवाखान्यातली डॉक्टरीण थोरलीबरोबर आली होती. ती म्हणाली, "उकळताना वाफेनं आतली हवा बाहेर जाते. बरणी निवली की आतली वाफ आटते आणि बाहेरची हवा झाकण आत दाबते. आवाज येतो तो त्याचा. बरणी घट्ट बंद झाली एवढंच त्यातून कळतं, आतलं चांगलं की वाईट ते नाही. मातीतल्या एका जंतूची बीजं साध्या उकळीनं मरत नाहीत. दाबाच्या भांड्यात वाफ उकळत्या पाण्याहून जास्त तापते, तेव्हा कुठे मरतात. नाहीतर बंद बरणीत, हवा नसताना, ती वाढून विष तयार करतात. त्या विषाला वास येईलच असं नाही."

"म्हणजे तिच्या मनात काही..." शिवणवर्गाच्या बाईनं विचारलं.

"काही नव्हतं," थोरली म्हणाली. "भोळी होती. तुमच्यासारखीच."

गल्लीतल्या बरण्या डॉक्टरणीनं न उघडताच गोळा करून नेल्या. महाराज त्याच गडबडीत पसार झाले. पुढे म्हणे दुसऱ्या गावी पाणी भारून देत होते, तिथेही गर्दी होती. शिवणवर्गाच्या बाईनं खोलीचा एक कोपरा थोरलीला दिला. म्हातारपणापर्यंत थोरली तिथे बायकांना दाबाचं भांडं वापरायला शिकवत राहिली. डॉक्टरणीची बदली झाली. धाकटीच्या नवऱ्यानं दुसरं लग्न केलं नाही, घरात बंद बरणीतलं काही आणलंही नाही. मुलगी मावशीकडे वाढली. चेहरा हुबेहूब आईचा, हसणंही तेच. ती हसली की थोरली कामाचं निमित्त काढून आत जायची.

"नशीब तिचं," असं कोणी म्हणालं, तर थोरली चिडायची. "नशिबाला बोल लावू नका. घरात भांडं होतं, हाती वेळ होता. 'साध्या झाकणानं टक् होत नाही का?' हा एक प्रश्न चमत्कार दाखवणाऱ्याला विचारायचा राहिला, एवढंच. तुम्ही तरी विचारा. माझी बहीण जगायला हवी होती."