आठवा स्क्रू

मित्रांनो, चिखलात लोळण्यातच माझे तारुण्य गेले. मी एक जुनी, डोंगरवाटांवरच्या शर्यतीत धावणारी मोटारसायकल आहे. माझे वजन कमी व्हावे म्हणून कारखान्यात इंजिनाची दोन्ही झाकणे मॅग्नेशियमची बनवली होती. हा धातू वजनाला हलका, पण ओलाव्याशी त्याचे हाडवैर!

माझ्या मालकांनी, घरात त्यांना बाबा म्हणतात, मला अकरा शर्यतींत पळवले. लोक माझ्या टाकीवर थाप मारून म्हणायचे, "काय गाडी आहे!" मग एका उतारावर आम्ही दोघेही कोसळलो. माझे हँडल वाकले, बाबांचे उजवे मनगट मोडले. हाड जुळले, पण हाताचा कंप गेला नाही. अंगावरच्या ओल्या चिखलासकट मला पत्र्याच्या शेडमध्ये उभे केले आणि वर ताडपत्री टाकली. पुढची नऊ वर्षे बाबा तिकडे फिरकले नाहीत. झाकणांवर पांढरी भुकटी धरली, खड्डे पडले आणि शेवटी उजव्या बाजूने तेल ठिबकू लागले.

बाबांची मुलगी एका वर्कशॉपमध्ये लेथ चालवते. तिने मला दुरुस्त करायला घेतले. सात महिने शोधून ॲल्युमिनियमची नवी झाकणे मिळवली. पण तोवर तिच्या आईचा धीर संपला. तिला शेडमध्ये शिवणाचे मशीन मांडायचे होते.

"रविवारी पाचला भंगारवाल्याचा टेम्पो येईल," ती म्हणाली. "तोवर चालू झाली तर राहील, नाहीतर जाईल."

रविवारी दुपारपर्यंत डावे झाकण बदलून झाले. उजव्याचे सात स्क्रू निघाले. आठवा मात्र सडलेल्या धातूत असा रुतला होता की जागचा हलेना. साडेतीन वाजले. वैतागून मुलीने स्क्रू तापवून सैल करायला गॅसची बत्ती पेटवली. निळी ज्योत माझ्या पोटाशी आली. मला ओरडता कुठे येते?

"थांब! आधी विझव ती!"

दारात बाबा उभे होते.

"मॅग्नेशियम आहे ते. एकदा पेटलं की पाण्याने विझत नाही, उलट भडकतं. आणि वर पेट्रोलची टाकी!"

मुलीने बत्ती विझवून लांब ठेवली. "मग काढू कसा, बाबा? दीड तास उरलाय."

"उकळतं पाणी आण. आणि जाड टॉवेल."

गरम टॉवेलने शेकून झाकण जरा फुगले. मग मुलीने हातोडीच्या घावासरशी फिरणारा जाड ड्रायव्हर स्क्रूवर टेकवला.

"मी धरते, घाव तुम्ही घाला. किती जोर लावायचा ते तुम्हालाच ठाऊक."

"माझा हात बघतेस ना?"

"बघतेय. मारा."

"अहो, तिची बोटं सांभाळा!" मागून आई म्हणाली.

घाव हलका पडला तर स्क्रू निघणार नव्हता. जड पडला तर माझे इंजिनच तडकणार होते, आणि तसे दुसरे आता मिळत नाही. पहिला घाव निसटला, मुलीच्या अंगठ्याचे साल निघाले. तिने हात काढला नाही. दुसरा नेमका बसला, पण काहीच झाले नाही. बाबांनी हातोडीची पकड बदलली. तिसऱ्या घावाला माझ्या अंगात बारीकसे 'टक्' झाले. स्क्रू फिरला!

मग नवे पॅकिंग, नवे झाकण, नवे तेल. मुलीने पहिली किक मारली. नुसता खोकला. दुसरी मारली, तोही नाही. बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला.

"अजून एकदा मार गं," हे आई म्हणाली!

तिसऱ्या किकला मी धडधडले. बाबांनी झाकणाखालून बोट फिरवले. कोरडे होते.

"हीच न्यायची ना?" भंगारवाल्याने विचारले.

आईने दोन्ही सडकी झाकणे त्याच्या हातात ठेवली. "ही न्या. ती घरातली आहे. माझं मशीन मावेल तिच्या शेजारी."

मित्रांनो, राबून आलेल्या वस्तूला पुसून, कोरडी करून ठेवत जा. आणि कधी काही अडलेच, तर तिला ओळखणाऱ्या माणसाला हाक मारा. त्याचा हात थरथरत असला तरीही.