पाळण्याची दोरी

केशोरी गावात भुपेंद्रच्या धाकट्या भावाच्या मुलाचं बारसं होतं. बाया 'कोणी गोविंद घ्या, कोणी गोपाळ घ्या' म्हणत बाळाला पाळण्याच्या वरून-खालून देऊ लागल्या, तसे भुपेंद्रच्या बायकोने, रेणूनेही, पदर सावरून हात पुढे केले. बारा दिवस या लेकराची आंघोळ, शेक, ओली दुपटी सगळं तिनेच केलं होतं. तेव्हा कोणाला तिचा विटाळ नव्हता.

"तू कायले मधात येऊन राहिली?" सासू अनुसयाबाई म्हणाली. "चुलीवरच्या घुगऱ्या पाह्य जा."

रेणू चुलीकडे गेली.

मूल न होण्याचा दोष रेणूत नाही, आपल्यात आहे, हे भुपेंद्रला महिन्यापूर्वीच नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. पंधराव्या वर्षी गालगुंड झालं, ते अंडकोषात उतरलं आणि बीजच संपलं. रेणूलाही ते ठाऊक होतं. "तुम्ही सांगान तवा सांगा," एवढंच ती म्हणाली होती.

"याले गालगुंड झाले होते," आई बायांना कौतुकाने सांगत होती. "मरता मरता वाचवला मी. माह्या पोरात काही कमी नाही."

"आई," भुपेंद्र म्हणाला.

बाया थांबल्या. चुलीपाशी रेणूचा हातही थांबला.

"काय रे?"

"पाळण्याची दोरी ढिली वाटून राहिली."

हात वर करून तो गाठ सोडू लागला. गाठ चांगली घट्ट होती. सकाळी रेणूनेच बांधली होती.