आखूड पायाची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी, बुटकी, लाकडी खुर्ची आहे. माझ्याबद्दल सांगण्यासारखे फारसे काही नाही, आणि असले तरी ते मला नीट सांगता येईल की नाही, याची खात्री नाही. पण ज्या बाईंनी माझ्यावर बसून साऱ्या घराची आजारपणे काढली, त्यांच्याविषयी बोलायचे तर मध्ये मध्ये मीही येणारच. तेवढे चालवून घ्या. घरातले सगळे त्यांना आई म्हणत. मीही तेच म्हणते.

आम्ही सहा बहिणी, जेवणाच्या टेबलाभोवती मांडण्यासाठी घडवलेल्या. माझ्या पाठीत लाकडाची एक गाठ होती, म्हणून मला भिंतीकडची जागा मिळाली. तिथून माझी सुटका झाली ती आईंच्या सासूबाई जिन्यात घसरून पडल्या तेव्हा. त्यांचा पलंग होता ठेंगणा आणि मी होते उंच. माझ्यावर बसून, वाकून वाकून त्यांना भरवताना आईंच्या कमरेचे पार दोन तुकडे व्हायचे. शेवटी त्यांनी सुताराला बोलावले आणि माझे पाय कापायला सांगितले.

सुतारदादा तेव्हा नवखे होते. एक पाय जरा जास्त कापला गेला. तो जुळवायला त्यांनी बाकीचे तीन कापले, तर त्यातला एक आणखीच आखूड झाला. त्यांनी पुन्हा करवत उचलली, तशा आई म्हणाल्या, "दादा, थांबा आता! आणखी कापलंत तर हिचा पाट होईल."

सुतारदादा ओशाळले. "एक पाय आखूड राहिलाय हो. उद्या येऊन नीट करून देतो."

तो उद्या त्रेचाळीस वर्षांनी उगवला.

त्या आखूड पायामुळे मला आवाज मिळाला. आई पुढे वाकल्या की टक. मागे टेकल्या की टक. सासूबाई डोळे मिटून पडलेल्या असत. टक ऐकू आले की म्हणत, "आलीस का पुन्हा नाडी बघायला? आहे मी अजून."

"नाडी नाही बघत, नखं वाढलीत का ते बघतेय," आई म्हणत. मग दोघी हसत. सासूबाई पुढे काठी टेकत अंगणापर्यंत चालू लागल्या. त्याचे श्रेय मी घेणार नाही, पण मी तिथे होते.

आईंचा थोरला सहा वर्षांचा असताना त्याच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी आठ दिवस पट्टी बांधायला सांगितली. पोरगा घाबरून सारखा आईंचा हात चाचपायचा. आई सुईदोरा घेऊन शेजारी बसत. जरा शांत झाले की तो म्हणे, "आई, टक कर ना." आई हातातले काम न थांबवता पुढे झुलत. टक. मग त्याचा श्वास संथ व्हायचा.

माझे हे डगमगणे बाकीच्यांना खटकत असे. कोणी ना कोणी गुपचूप माझ्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारायचे, आणि आई ती काढून टाकायच्या. कारण त्यांनी कधी सांगितले नाही. घडी सारणाऱ्यांनीही कधी विचारले नाही.

पुढे थोरल्याचे लग्न होऊन सून आली. तिच्या पहिल्या बाळंतपणानंतर तिला दोन महिने पडून राहावे लागले. तेव्हाही आई आणि मी. डोळे मिटलेले असले तरी टक ऐकताच ती पुटपुटे, "आई, झोपले नाहीये हो मी." आणि आई म्हणत, "मग झोप. मी आहे."

गेल्या वर्षी आई स्वतःच आजारी पडल्या. पहिल्यांदाच त्या पलंगावर होत्या आणि इतर माझ्यावर. डोळे मिटूनही त्या माणूस ओळखत. "सूनबाई, घाईत बसलीस. दोनदा वाजलं." थोरला आता पन्नाशीकडे झुकलेला, अंगाने भरलेला, ताठ बसणारा. त्याच्या वजनाने मी एका बाजूला दबून गप्प होई. आई म्हणत, "हा थोरला. खुर्चीचीसुद्धा बोलती बंद करतो. अरे, जरा पुढे वाक. कळू दे तू आहेस ते."

तो हसून टाळायचा. त्याला वाटायचे, आई त्याच्या पोटावरून बोलतात.

आई गेल्या. चार महिन्यांनी थोरल्याने ठरवले, की त्यांचा फोटो माझ्यावरच ठेवायचा. पण मी डगमगते, फोटो घसरतो. म्हणून त्याने सुतारदादांना बोलावले. पाय सारखे झाले असते तर मी नीट उभी राहिले असते, पण आईंचा टक कायमचा गेला असता.

सुतारदादा आता पिकल्या मिशांचे. मला पाहून त्यांचा चेहरा खुलला. "हीच ती! माझ्या हातची सगळ्यात पहिली चूक. हिच्या आठवणीने आजही कानशिलं तापतात. पाच मिनिटांत सरळ करतो." त्यांनी पट्टीने मापले, खूण केली. "साहेब, जरा बसा बघू. वजनाखाली किती झुकते ते कळेल."

थोरला बसला. मी गप्प.

"असं नाही. जरा पुढे वाका."

तो वाकला. टक.

शेजारच्या खोलीत सूनबाई तापाने दोन दिवस पडून होती. तिथून झोपाळू आवाज आला, "आई, झोपले नाहीये हो मी."

मग आतून तिचेच हसू ऐकू आले, जरा ओलसर. थोरला तसाच वाकून बसला होता. त्याचा हात आपोआप डोळ्यांकडे गेला, जणू तिथे अजून पट्टी होती.

"दादा, करवत ठेवा," तो म्हणाला.

"म्हणजे चूक तशीच ठेवायची?"

"तशीच. चहा घेऊन जा."

सुतारदादांनी चहा घेतला, पण जाताना माझ्या आखूड पायावर हात फिरवलाच. फोटो भिंतीवर लागला. आणि थोरल्याने मला उचलून सूनबाईच्या पलंगाशी नेले. तो बसला, आणि कोणी न सांगता पुढे वाकला.

मित्रांनो, मला उपदेश करता येत नाही. एवढेच मागते, की घरातली एखादी जुनी वस्तू वाकडी दिसली, तर तिला सरळ करण्याआधी ती कोणाच्या उपयोगी पडते आहे ते विचारा. आणि घरात कोणी आजारी असेल, तर आत्ता हे वाचणे ठेवून द्या. खुर्ची ओढा, त्यांच्याजवळ बसा, आणि जरा पुढे वाका.